दोष तुमच्या कानांचा नव्हता

तानसेन होणं प्रत्येकाच्या नशिबी नसतं, पण कानसेन काय, कुणालाही होता येतं, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. नीट ऐकणारा माणूस शोधायला निघालात तर चपला झिजतील. ज्या बाईंची ही हकिकत आहे त्यांना नीट ऐकण्याचाच पगार मिळत होता, आणि म्हणून ऑफिसात शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे त्यांना कानसेनबाई म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

ऑफिस केबल कंपन्यांवर लक्ष ठेवणारं, आणि बाई त्यातल्या आवाज तपासणी विभागात. टीव्हीच्या आवाजात तपासायचं ते काय, असं कुणालाही वाटेल. बाईंच्या एका चुलतभावाने तर चारचौघांत विचारलं होतं, "म्हणजे सरकार तुला टीव्ही बघायचा पगार देतं?" बाई म्हणाल्या, "बघायचा नाही, ऐकायचा. बघायचा मिळाला असता तर तुलाच चिकटवला असता." त्यानंतर चुलतभावाने या विषयापुरता कानाला खडा लावला.

पण केबल कंपन्यांशी चाललेलं भांडण खरं होतं आणि ते बाईंनी वर्षानुवर्षं लढवलं होतं. सिनेमाची जी वाहिनी जादा पैसे भरून घ्यावी लागते, तिचा आवाज वाहिनीकडून स्टिरिओ निघतो, म्हणजे डावा वेगळा आणि उजवा वेगळा. केबल कंपन्या काय करत, तर दोन्ही आवाज कालवून त्यांचा एकच गोळा घरोघरी पाठवत. ज्याला स्टिरिओच हवा त्याला वेगळी तार, वेगळा डबा आणि अर्थातच वेगळं बिल. चपलांचा जोड घ्यायला जावं आणि दुकानदाराने डाव्या चपलेचा भाव निराळा सांगावा, तसला हा धंदा. सुनावण्या झाल्या, कंपन्यांचे वकील गळा काढून रडले, आणि शेवटी नियम झाला: आवाज वाहिनीकडून जसा निघाला तसाच, त्याच तारेतून आणि त्याच पैशांत गिऱ्हाइकाच्या घरी पोचला पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तपासनीस जाणार, हेडफोन लावून स्वतः ऐकणार, आणि त्याने सही केली तरच कंपनीला परवाना मिळणार.

नियम लागू झाला आणि बाईंचा उजवा कान गेला.

एका सकाळी उठल्या तर उजवीकडचं जग बंद. आधी वाटलं पाणी गेलं असेल. मग वाटलं सर्दी असेल. कानाच्या डॉक्टरांनी सगळी तपासणी केली आणि सांगितलं, नस गेली आहे, परत येणार नाही, डावा मात्र उत्तम आहे. "तेवढा सांभाळा," असंही म्हणाले, जसा काही तो रात्री काढून कपाटात ठेवता येतो. बाईंनी फी दिली, जिना उतरल्या आणि खालच्या पायरीवर बसून पोटभर रडल्या. मग तोंड धुऊन ऑफिसला गेल्या.

सांगायचं कुणाला? विभागात पूर्वी एक वडीलधारे तपासनीस होते. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा ऑफिसने त्यांची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत केली. सन्मानाने केली, हारही घातला. बाई कधी खाली गेल्या की ते मान वर न करता म्हणत, "कोण? जरा जवळ येऊन बोला." त्या खोलीचा वास बाईंना अजून आठवत होता. ऐकणं हे त्यांचं काम होतं असं म्हणणंही थोडं कमीच पडेल. दुसरं काही आपल्याला येतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. नवरा नोकरीसाठी परगावी, महिन्याकाठी घरी यायचा. त्याला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. स्वतःच्या आईला, म्हणजे बाईंच्या सासूबाईंना, सांगून मोकळा झाला असता. तेव्हा बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. कान गेला तरी तोंडाला कुलूप.

लपवण्यात मात्र त्या तरबेज झाल्या. मीटिंगमध्ये टेबलाच्या उजव्या टोकाची खुर्ची धरायची, म्हणजे सगळे बोलणारे डावीकडे. रस्त्याने कुणी बरोबर असलं की आपण उजव्या हाताला चालायचं. फोन डावीकडे. एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि ती अशी की एक कान गेल्यापासून त्या सगळ्यांशी ओरडून बोलू लागल्या होत्या. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. भीतीपोटी त्यांच्या टेबलावर फायली वेळेवर यायला लागल्या.

राहता राहिला हेडफोन. त्यावर बाईंनी काढलेली युक्ती ऐकली तर हसावं की रडावं कळत नाही. हेडफोन सरळ लावायचा आणि डाव्या कानाने डावा आवाज ऐकायचा. मग हेडफोन काढून उलटा लावायचा, म्हणजे उजवीकडचा आवाज डाव्या कानाशी येतो. तोही ऐकायचा. दोन्ही स्वच्छ असले, खरखर नसली, एक मोठा एक बारीक असं नसलं, की सही. शहराच्या निम्म्या भागाला सिनेमे पुरवणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी हेच केलं. पंख्यांची घरघर, तारांची जंजाळं, नवं कोरं यंत्र आणि त्यासमोर हात चोळत उभा राहिलेला कंपनीचा गुटगुटीत इंजिनिअर.

"काय मॅडम, आवाज कसा? आम्ही तर इथे मोठ्या स्पीकरवर ऐकतो. एकदम मोकळा वाटतो, नाही का?"

"दोन्ही बाजू निर्मळ आहेत," बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यांनी सही केली. दोन्ही आवाज एकेकटे ऐकले होते. जोडीने ऐकायचं तेवढं राहून गेलं.

आता घराकडे वळू. घरी बाई आणि सासूबाई दोघीच. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि निवृत्त होऊनही तो तोरा उतरला नव्हता. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी कोण आहे ते सांगायच्या म्हणे. त्यांच्या खोलीत एक जुना टीव्ही होता, पडद्याच्या बाजूला एकच स्पीकर, वर स्वतः विणलेलं झाकण. नवा घेऊ म्हटलं की म्हणायच्या, "तो चालतोय तोवर मी चालतेय, त्याला हात लावायचा नाही." सुनेने त्यांच्यासाठी सिनेमाची वाहिनी घेऊन दिली होती. बाई स्वतः घरी टीव्ही लावत नसत. दिवसभर तेच केल्यावर संध्याकाळी कोण ऐकतो?

गेले काही दिवस सासूबाई जरा गप्प गप्प होत्या. फोन वाजला तरी उचलत नसत. "असेल कुणी विमा विकणारा," म्हणून वाजू देत. त्यांची धाकटी बहीण रुसली होती. बाईंना हे दिसत होतं, पण ज्याच्या स्वतःच्या पायात काटा असतो त्याला दुसऱ्याचं लंगडणं उशिरा कळतं.

एका रविवारी दुपारी बाई दोन कप चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेल्या आणि कधी नव्हे त्या खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस आणि एक तरुण मुलगी पुलावर उभी होती. वारा सुटलेला ऐकू येत होता, मागे व्हायोलिनही चाललं होतं. मग मिशीवाला पुढे झाला, त्याने तोंड उघडलं, हातवारे करून पुष्कळ काही बोलला, आणि बाईंना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

गेला. डावाही गेला. वारा आणि व्हायोलिन अजून ऐकू येतंय, हे घाबरलेल्या बाईंच्या ध्यानातच आलं नाही.

बाईंनी कपबशी मांडीवर टेकवली. तळघरातली ती खोली डोळ्यांपुढे आली, हार आला, "जवळ येऊन बोला" आलं. त्यांनी हळूच सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पडद्याकडे बघून मान डोलवत होत्या, मधेच हसत होत्या. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं! बाईंनीही घाईघाईने हसून मान डोलावली. ते बघून सासूबाई आणखी हसल्या. मग बाईही आणखी हसल्या. मिशीवाल्या माणसाची मुलगी पडद्यावर ढसाढसा रडत होती आणि या दोघी इथे बत्तिशी दाखवत बसल्या होत्या.

"काय बोलला बघ!" सासूबाई म्हणाल्या.

"हो ना, अगदी मुद्द्याचं," बाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि थबकल्या. आपण उत्तर दिलं. म्हणजे सासूबाईंचं बोलणं ऐकलं. त्यांनी चमचा उचलून बशीवर आपटला. टण्ण! पुन्हा आपटला. टण्ण! खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तीही ऐकू आली. बाईंनी असा काही सुस्कारा सोडला की कपातला चहा हिंदकळून साडीवर सांडला. त्या क्षणी त्यांना ती स्कूटरसुद्धा पोटच्या पोरासारखी प्रिय वाटली.

पण मग हा मिशीवाला मुका का?

बाई उठल्या आणि त्यांनी बातम्यांची वाहिनी लावली. निवेदक खणखणीत आवाजात बोलत होता. पुन्हा सिनेमा लावला. वारा आहे, व्हायोलिन आहे, माणसांचा आवाज नाही. मग मात्र त्यांना कळलं.

गोष्ट साधी आहे. सिनेमात माणसांचं बोलणं डाव्या आणि उजव्या दोन्ही आवाजांत सारखंच असतं. ज्याच्या घरी दोन स्पीकर आहेत त्याला ते दोन्हीकडून ऐकू येतं. ज्याच्या घरी एकच स्पीकर आहे त्याच्याकडे दोन्ही आवाज एकत्र होतात. पण कंट्रोल रूममध्ये एका बाजूची जोडणी उलटी झाली असेल, तर? एकाच झोपाळ्याला दोघांनी समोरासमोर उभं राहून एकाच वेळी सारख्याच जोराने ढकललं तर झोपाळा जागचा हलत नाही. तसं डावीकडचं बोलणं उजवीकडच्या बोलण्याला खाऊन टाकतं. संगीत आणि वारा दोन्हीकडे वेगवेगळे असतात म्हणून तेवढे उरतात. डावा आवाज एकटा ऐका, निर्मळ. उजवा एकटा ऐका, निर्मळ. हेडफोनवर चूक सापडते ती दोन्ही कानांनी एकदम ऐकलं तरच. आणि तपासणीच्या दाखल्यावर सही कुणाची होती, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"आई," त्या म्हणाल्या, "तो माणूस काय बोलतोय, ऐकू येतंय का तुम्हाला?"

"न यायला काय झालं?"

"मग काय म्हणाला?"

सासूबाईंनी चष्मा पुसला. "म्हणाला की... मी तुला फसवलं पोरी, पण हे घर तुझ्याच नावावर आहे."

"आई."

सासूबाईंनी चष्मा पुन्हा पुसला. "नाही गं ऐकू येत," त्या म्हणाल्या. "कधीपासून नाही येत. संगीत येतं, दारं आपटतात ती ऐकू येतात, माणसं बोलली की सगळं चिडीचूप. मीच मनाने त्यांच्या तोंडात शब्द घालते, तेवढाच वेळ जातो. बातम्या ऐकू येतात, पण तो मेला ओरडतोच. कंपनीला फोन केला तर तिथली पोरगी म्हणाली, आजी, कान दाखवून घ्या. मला म्हणाली! मला!"

"तुमचे कान ठणठणीत आहेत. दोष तिकडे आहे, यंत्रात."

"माझी समजूत काढू नकोस. मला काय कळत नाही? तू किती गुणाची, तोंडाने एक शब्द काढला नाहीस, नुसती माझ्याशी मोठ्याने बोलायला लागलीस. रस्त्यापलीकडे ऐकू जातं तुझं. मला आधी वाईट वाटलं, मग म्हटलं, पोर सांभाळून घेतेय."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आताच सांगून टाकावं, असं मनात आलं. शब्द जिभेवर आलेही. पण जे इतके दिवस कुणाला सांगितलं नाही ते एकदा बोललं की खरं होऊन बसतं, आणि बाईंना ते अजून खरं व्हायला नको होतं. "ऑफिसात गोंगाट असतो, त्याची सवय लागली," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. सासूबाईंनी "बरं" म्हटलं, आणि त्या "बरं" मध्ये काडीचाही विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो बिचारा पाचच मिनिटांत यंत्र तपासून परत आला.

"मॅडम, बरोबर आहे तुमचं. एका जोडणीत दोन तारांची अदलाबदल झालीय. नियमाची तारीख जवळ आली होती ना, घाईत बसवलं. मी म्हणत होतो मोकळा वाटतो, तो असा मोकळा होता होय! आता सरळ करून टाकतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

कुणाला कळायचंसुद्धा नाही. बाईंना हे वाक्य साखरेसारखं गोड लागलं, खोटं कशाला बोला. तार सरळ होईल, सासूबाईंचा मिशीवाला बोलू लागेल, सही तशीच राहील, खुर्चीही राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तक्रारी आल्या होत्या का हो?" त्यांनी विचारलं.

"आल्या ना. सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या. जुने टीव्ही त्यांच्याकडेच असतात. आमची मुलगी त्यांना समजावून सांगते की कान दाखवून घ्या. ऐकतात बिचारे. एक आजोबा तर परत फोन करून सॉरी म्हणाले."

बाईंच्या मनात आलं, शहरभर किती म्हातारी माणसं टीव्हीपुढे बसून मान डोलवत असतील, किती जणांनी फोन उचलायचं सोडलं असेल, कुणी कानातलं यंत्र विकत आणलं असेल, आणि ते लावूनही मिशीवाला मुकाच राहिला म्हणून कोण किती घाबरलं असेल. तार गुपचूप सरळ केली तर त्यांना एक दिवस आपोआप ऐकू येऊ लागेल, पण मधले दिवस भीतीत का गेले ते कुणीच त्यांना सांगणार नाही.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "मी येते. आहे तसंच राहू द्या."

आधी बाई मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या. मोठ्या मॅडम वयाने बाईंपेक्षा लहान, स्वभावाने तिखट. चूक दिसली की समोरच्याचे कान उपटल्याशिवाय राहत नसत. बाईंनी खुर्चीत न बसताच सगळं सांगितलं. तार, झोपाळा, आजोबांचं सॉरी. मोठ्या मॅडम ऐकत होत्या.

"पण तुमच्यासारखीला हे हेडफोनवर कळलं कसं नाही?" त्यांनी विचारलं. "डोकं उलटंपालटं झाल्यासारखं वाटतं ना त्या आवाजाने?"

"वाटतं, दोन कान असले तर," बाई म्हणाल्या. "माझा उजवा गेलाय."

मोठ्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कधी?"

बाईंनी सांगितलं.

"म्हणून तुम्ही ओरडता?"

"मी ओरडते?"

"अहो बाई! तुम्ही फोनवर बोलता ते लिफ्टमध्ये ऐकू येतं. सगळा मजला समजून चाललाय की तुम्ही आमच्यावर रागावलाय. मी स्वतः दोनदा आठवून पाहिलं, हिला आपण काय बोललो म्हणून." मोठ्या मॅडमना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचे डोळेही भरून आले, ते त्यांनी खिडकीकडे बघून लपवलं. मग पुन्हा त्यांचा नेहमीचा चेहरा आला. "चूक लहान नाही. लेखी समज मिळेल तुम्हाला. आणि स्टिरिओचा दाखला एकटीने देणं बंद. हे तुम्हालाही पटतंय ना?"

"पटतंय. तळघरात कधीपासून जाऊ?"

"तळघरात कशाला? तिथे तुम्ही बोललात तर फायली फाटतील." मोठ्या मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, आणि नेमक्या बाईंच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या. "आपण नियम केला की दोन्ही आवाज पोचले पाहिजेत. एक स्पीकरवाल्याच्या घरी काय पोचतं, हे नियमात नाही. आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही, तुमच्याही नाही. आता ते घालायचं, आणि ते तपासायचं. जोडीला दोन कानवाला घेऊन जा. तो हेडफोन ऐकेल, जुना टीव्ही तुम्ही ऐका. मसुदा परवा माझ्या टेबलावर पाहिजे. आणि हळू बोला."

बाई केबिनमधून बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, आणखी एक ग्लास प्यायल्या. शिपायाने घाबरत विचारलं, "काही चुकलं का बाई?" बाई जमेल तितक्या हळू म्हणाल्या, "नाही रे बाबा. तुझं काहीच नाही चुकलं." तो बघतच राहिला.

दुपारी कंट्रोल रूममध्ये त्या पोचल्या ते एका सहकाऱ्याला घेऊन. त्याने हेडफोन लावला आणि दोन क्षणांत तोंड वाकडं करून काढला. त्याला मळमळल्यासारखं झालं. सगळ्यांनी मिळून जोडणी पाहिली, चूक नोंदवली. कंपनीने सिनेमाच्या आधी आणि मधे पडद्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहायचं, ते बाईंनी इंजिनिअरला उभ्या उभ्या सांगितलं: आमच्या यंत्रातल्या चुकीमुळे जुन्या टीव्हीवर बोलणं ऐकू येत नव्हतं, दोष तुमच्या कानांचा नव्हता, आम्ही माफी मागतो.

"माफी मागतो हे पण मोठ्या अक्षरांत?" इंजिनिअरने विचारलं.

"ते सगळ्यात मोठ्या."

राहिली शेवटची तपासणी. कंपनीकडे एक स्पीकरचा जुना टीव्ही नव्हताच. कुणाला कधी लागलाच नव्हता. तेव्हा बाईंनी तिथल्या टेबलावरचा फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. इंजिनिअर तारा हातात धरून उभा, सहकारी घड्याळाकडे बघतोय, आणि पलीकडे कुणी उचलत नाही. बाई मनात म्हणत होत्या, उचला हो आई, एवढा एकदा उचला. फोन कापला गेला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजल्यावर खट् आवाज झाला.

"बोला," सासूबाई म्हणाल्या. तोच जुना ऑपरेटरचा आवाज, पण कडेला थोडा कापरा.

"आई, मी. टीव्ही लावा. सिनेमा. फोन ठेवू नका, तिथूनच ऐका."

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला, मग नुसतं संगीत. बाईंनी इंजिनिअरला मान हलवून खूण केली. त्याने तार काढली, उलटी केली, बसवली.

फोनमधून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग तोही थांबला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "बोलली. ती मुलगी बोलली. आता तो दुसरा पण बोलतोय. सगळे बोलतायत गं!" आणि मग, जरा थांबून, "पण हे काय बोलतात मेले? पोळ्या करपल्या म्हणे. मी हिच्या तोंडी कितीतरी चांगलं घालत होते."

सहकारी, इंजिनिअर, सगळे खो खो हसले, कारण हे सगळं त्यांना लांबूनही स्पष्ट ऐकू गेलं होतं. बाईही हसल्या. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. काम झालं होतं.

"म्हणजे माझे कान..." सासूबाई म्हणाल्या.

"ठणठणीत आहेत. सांगत होते ना."

"मग तू का ओरडतेस माझ्याशी? आत्तासुद्धा ओरडतेयस." आवाज पुन्हा बारीक झाला होता. "खरं सांग हं. मला वाईट नाही वाटायचं."

खोलीत पंखे घरघरत होते. इंजिनिअर आणि सहकारी बाईंकडेच बघत होते. बाईंनी फोन डाव्या कानाशी घट्ट धरला.

"तुम्हाला ऐकू जावं म्हणून नाही ओरडत, आई," त्या म्हणाल्या. "मलाच ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय माझा. पुष्कळ दिवस झाले. तुमच्यापासून लपवलं."

पलीकडे सिनेमाचा आवाज बारीक झाला.

"आणि मी समजत होते, तू मला सांभाळतेयस," सासूबाई म्हणाल्या. बाईंना वाटलं, आता रागावतील. वाटलं, मुलाला फोन लावतील. मग एक सुस्कारा आला, लांब आणि मोकळा, आणि त्यामागून स्वच्छ, शांत, एक्स्चेंजमधला आवाज आला, कुठलीच घाई नसलेला.

"घरी ये लवकर. तुझी खुर्ची मी आजपासून माझ्या उजव्या बाजूला लावते. म्हणजे मी तुझ्या डावीकडे. आणि आता हळू बोललीस तरी चालेल, मला येतं ऐकू."

"बरं," बाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या इतक्या हळू बोलल्या होत्या. पलीकडे ते नीट ऐकू गेलं.